तिला म्हणावं

थंडी त्या वर्षी लवकर उतरली. निम्म्याहून जास्त बटाटा अजून जमिनीत होता आणि सकाळी सरींच्या माथ्यावर पिठासारखा पांढरा थर दिसायचा. बटाट्याला गारठा लागला की तो वरून चांगलाच दिसतो, हाताला घट्टही लागतो, पण कापला की आत काळा निघतो. म्हणून मुकादम सगळ्यांना उजाडायच्या आत शेतावर हाकायचा आणि दिवस मावळला तरी सोडायचा नाही.

परमुलखातून आलेल्या मजुरांच्या टोळीच्या खोल्या शेताच्या कडेला होत्या, पत्र्याच्या, एका ओळीत. खोलीचा नियम साधा होता. घरातली तिघं कामावर असली तर खोली. एक माणूस कमी पडलं की खोली दुसऱ्या घराला. दुसरी घरं तयारच होती, बोचकी बांधून.

या घरात तिघं कामावर होती. सासरा, सासू आणि सून. मुलगा बटाट्याच्या ट्रकवर असायचा, लांबलांबच्या बाजारांना जायचा. घरी यायचा तो कपडे बदलून परत जायला.

सासरा पोती शिवायचा. टोळीत सगळे त्याला दाभण म्हणत. हातात सदा दाभण असायचा म्हणून, आणि अंगानंही तो तसाच होता म्हणून, लांब, बारीक, टोकाशी जरा वाकलेला. सासू वेचणीला होती. सून शेडमध्ये पट्ट्यावर उभी राहायची. पट्ट्यावरून बटाटा धावत यायचा आणि त्यातला किडका, फुटका, काळा पडलेला हातानं बाजूला काढायचा. तिच्या दोन्ही अंगांना त्या मुलखातल्या बायका असत. त्यांच्याशी खांद्याला खांदा लावून उभं राहून तिला त्यांची भाषा येऊ लागली होती. थांब, लवकर, फेक, हा सडका, हा आत काळा. शिव्याही येत होत्या आणि बायका आपसात हसतात ते सगळे शब्दही.

सासरा सुनेशी थेट बोलत नसे. राग नव्हता, रीत होती. खोली एवढी लहान, की एकानं कूस बदलली तर दुसऱ्याला कळावं. तरी जेवताना तो बायकोकडे बघून म्हणायचा, "अगं, तिला म्हणावं, मीठ कमी आहे."

सासू म्हणायची, "ती काय डोंगरापलीकडे बसलीये? ऐकलं की तिनं."

मग सून भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणायची, "आई, मामंजींना म्हणावं, मीठ संपलंय."

"मीठ संपलंय म्हणते," सासू सांगायची. "माझं आयुष्य निरोप्याचं काम करण्यात चाललंय. जिभेला घट्टे पडलेत."

दाभण गालातल्या गालात हसायचा. असं ते घर चाललं होतं.

काही दिवस तो लंगडत होता. पोत्याच्या थप्पीला टेकून शिवायचा, एका पायावर भार देऊन. सासूनं विचारलं तर म्हणाला, मुंग्या आल्यात. शर्टाच्या खिशात पत्र्याची एक डबी असायची, तिच्यातून काही तरी काढून तोंडात टाकायचा. एक दिवस तो पोतं शिवायला खाली बसला आणि उठता येईना. सासू सरी सोडून धावत आली. तिनं पायजमा वर केला. पोटरी भोपळ्यासारखी फुगली होती, कातडी ताणून चकचकत होती. तिनं बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला.

मुकादम आला. "काय दाभण, मोडलास का?"

"मुंग्या आहेत. बसतील."

"मुंग्या? पायात हत्ती शिरलाय." मुकादमानं मान हलवली. "दवाखान्यात न्या याला. इथं काही झालं तर माझ्या गळ्यात येईल. पण लवकर उभा कर. खोलीचं मला वर सांगावं लागतं."

सासू हात पुसत म्हणाली, "मी जाते संगती."

"तू जाऊन काय करणार? तिथं तुला कोणी काही विचारलं तर नंदीबैलासारखी मान हलवशील. सुनेला पाठव. तिला बोलता येतं. आणि तूही गेलीस तर वेचायला कोण? मग तिघंही कमी झाली म्हणेन मी."

दाभणानं बायकोकडे पाहिलं. "तू येत नाहीस?"

"ती आहे ना."

"पण तिला म्हणावं..." तो बोलता बोलता थांबला. काय म्हणावं ते त्यालाच सुचलं नसावं. दोघींनी त्याला काखेत धरून ट्रॉलीत चढवलं, पोत्यांच्या मध्ये. ट्रॅक्टर हलला. सून एका कोपऱ्यात, सासरा दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये बटाटे. सगळ्या वाटेत ती त्याच्या पायाकडे बघत होती आणि तो मागे जाणाऱ्या रस्त्याकडे. खड्डा आला की तो ओठ दाबायचा. तिला विचारावंसं वाटलं, फार दुखतंय का. पण विचारायला मध्ये कोणी नव्हतं.

दवाखाना मोठा होता. पांढऱ्या वाटा, सगळ्या सारख्याच. सगळीकडे फिनेलचा वास. एका मोठ्या खोलीत त्याला खाट मिळाली. खाटेभोवती छतापासून हिरवा पडदा. डॉक्टर येऊन पाय दाबून गेला. त्याचं बोलणं इतकं भरभर होतं, की पट्ट्यावरचा एकही शब्द तिच्या हाती लागला नाही. मग नर्स आली. उंच होती, छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं. तिचं बोलणं सुनेला कळलं, कारण ती शब्द एकेक उचलून ठेवायची, परक्याच्या घरातली भांडी ठेवावीत तसे. दुसऱ्या नर्सनं मध्येच हसून तिचा एक शब्द सुधारला. तेव्हा सुनेच्या ध्यानात आलं, हीसुद्धा कुठून तरी आलेली आहे. ही भाषा हिचीही नाही.

नर्सनं आधी तिला चाकांच्या स्टँडवरचा एक फोन दाखवला. म्हणाली, यावर तुमच्या भाषेचं माणूस येतं. मी बोलेन, ते तुम्हाला सांगेल. यांना जे सांगायचं ते यांनी त्याला सांगावं.

सुनेनं हे सासऱ्याला सांगितलं. खाटेच्या दांड्याकडे बघत सांगितलं.

तो छताकडे बघत म्हणाला, "आपल्या भाषेचं माणूस इथं कोण?"

हाच प्रश्न तिलाही पडला होता. या मुलखात त्यांची भाषा बोलणारी माणसं म्हणजे टोळी आणि मुकादमाची माणसं. टोळीतलं कोणी फोनवर बसून राहणार नाही. म्हणजे मुकादमाचा कोणी तरी. त्याचा मेव्हणा असाच कुठे तरी खुर्चीवर बसायच्या कामाला होता म्हणे. इथं जे बोलाल ते संध्याकाळपर्यंत शेतावर पोचणार. दाभण किती दिवस पडून राहणार, उठणार की नाही, सगळं.

"नको," ती नर्सला म्हणाली. "मी आहे. मी सांगते."

"नक्की? सगळं विचारशील?"

"हो. मी आहे ना."

नर्स स्टूल ओढून बसली. पायात रक्ताची गाठ झालीय, म्हणाली. ती सरकून वर छातीकडे गेली तर माणूस जातो. म्हणून रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचं. पण त्याआधी एक नीट विचार. यांना कुठून रक्त जातं का? उलटीत, लघवीत? परसाकडे काळं होतं का, डांबरासारखं? पोटात जळजळ? दुखण्याच्या गोळ्या घेतात का?

सुनेला सगळं कळलं. एकही शब्द अडला नाही. त्यातले काही शब्द तर पट्ट्यावरच्या बायकांच्या थट्टेतलेच होते.

ती सासऱ्याकडे वळली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तो छताकडे बघत होता, गळ्याची घाटी वरखाली होत होती. लग्न होऊन आल्यापासून ती या माणसासमोर मोठ्यानं खोकलीसुद्धा नव्हती. त्याचं उघडं डोकं दिसलं तरी ती दारातून मागे फिरायची.

"मामंजी, पोट बरं आहे ना?"

"बरं आहे."

"गोळ्याबिळ्या काही घेता का?"

त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. "नाही."

ती नर्सकडे वळली. "नाही. काही नाही."

नर्सनं क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग कागदावर लिहिलं. त्याच्या पोटावरचा शर्ट वर करून चिमटीत कातडी धरली आणि सुई टोचली. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती.

पायाची सूज उतरू लागली. दुसऱ्या दिवशी बोटाचा खड्डा लवकर भरून येत होता. सुनेला हायसं वाटलं. पण दाभणाचा चेहरा उतरत होता. ओठ राखेसारखे झाले. जेवणाचं ताट तसंच परत जायचं. तो दिवसभर गप्प पडून राहायचा आणि ती खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर. दोघांत बोलणं असं नव्हतंच. पाणी हवं असेल तर तो पेल्याकडे बघायचा, ती भरून ठेवायची आणि बाजूला व्हायची. बायको असती तर म्हणाला असता, अगं, तिला म्हणावं, पाणी गार आहे.

नर्सनं बजावलं होतं, एकट्यानं उठायचं नाही, खाटेवरच भांडं देऊ. हे मात्र त्यानं ऐकलं नाही. सून पाणी आणायला किंवा तोंड धुवायला बाहेर गेली, की तो भिंत धरून संडासात जायचा आणि ती परत यायच्या आत येऊन पडलेला असायचा. घामानं डबडबलेला. तिला कळत होतं. म्हणून ती बाहेर जास्त वेळ रेंगाळायची. त्याला सवड मिळावी म्हणून. तिला वाटायचं, एवढं तरी आपल्याला करता येतं.

दुपारी नर्स तिला वाटेत गाठून म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी मी एवढं लांब बोलले. तू त्यांना एवढंसंच विचारलंस."

सून पदराची कड ओढत म्हणाली, "आमच्यात थोडक्यात बोलतात."

नर्स हसली नाही. "माझ्या आईला असंच दवाखान्यात नेलं होतं. परक्या गावात. माझा भाऊ तिच्याकडून विचारून सांगायचा. थोडक्यात." ती पुढे काही तरी म्हणाली, पण तिला कोणी हाक मारली आणि ती गेली.

सून तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. पायाखालची फरशी गार होती. परत खाटेपाशी आली तेव्हा दाभण डोळे मिटून होता आणि त्याच्या छातीची फासळी न् फासळी जोरानं हलत होती, लांबून धावत आल्यासारखी. तो तर नुसता पडून होता.

कपडे आणायला म्हणून ती निघाली. परत येणाऱ्या ट्रॉलीत बसून शेतावर आली, खोलीतून कपड्यांचं बोचकं उचललं. सासू लांबच्या सरीत ओणवी होती. हात मातीत, बोटं थंडीनं फुटलेली. सुनेला बघून ती गुडघ्यावर हात टेकत उठली.

"कसे आहेत?"

"पाय उतरलाय."

"मग तोंड का असं?"

"आई, खरं सांगा. मामंजींचं पोट कसं होतं? इथं असताना."

सासू परत ओणवी झाली. दोन बटाटे वेचून टोपलीत टाकले. "कशाला विचारतेस?"

"सांगा ना."

"काय सांगू बाई, तुला कसं सांगायचं." ती बांधाकडे बघत म्हणाली, "परसाकडे जाऊन आले की पायानं माती लोटून यायचे. मांजरासारखी. सगळा जन्म कधी नाही लोटली. मी एकदा गेले बघायला. डांबर गं. नुसतं डांबर. मी म्हटलं, हे काय? तर अंगावर ओरडले. म्हणाले, त्या गोळ्यांनी होतं असेल. पाय दुखतो म्हणून उपाशीपोटी गोळ्या खायचे, फुटाण्यासारख्या. त्या डबीत गोळ्याच आहेत."

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुला?" सासूनं वर बघितलं. "सुनेला सासऱ्याचं असलं सांगतात का कोणी? आणि गप्प बस म्हणाले. मुकादमाला कळलं तर खोली जाईल म्हणाले."

सुनेच्या हातातलं कपड्यांचं बोचकं सरीत पडलं. गारठा मातीतून पायात, पायातून पोटात चढला. मी नाही म्हणाले. माझ्या 'नाही'वर त्या बाईनं सुई टोचली. एकदा नाही, रोज. सकाळी एक, संध्याकाळी एक. रक्त पातळ करायची सुई, आणि रक्त तर आधीच आतून चाललंय.

"काय झालं? अगं, बोल की!"

"आई, मी विचारलंच नाही," ती म्हणाली आणि बोचकं तसंच टाकून वळली.

शेडच्या तोंडाशी मुकादम उभा होता. "बरं झालं आलीस. पट्ट्यावर लाग. तिथं बाई कमी आहे."

"मला परत जायचंय. आत्ता."

"आज ट्रॅक्टर जायचा नाही परत. आणि ऐक, सासरा खाटेवर, तू दवाखान्यात, मग खोलीत राहतं कोण? एकटी म्हातारी? मी आहे म्हणून गप्प बसलो."

"खोलीचं आईंना विचारा," ती म्हणाली आणि रस्त्याला लागली.

आधी ती चालली, मग धावली, धाप लागली की चालली. वारं तोंडावर येत होतं. दोन्हीकडे खणलेली रानं, उलटीपालटी झालेली माती, त्यात चुकून राहिलेले बटाटे. तिला सगळे काळे दिसत होते. दूध घेऊन जाणाऱ्या एका गाडीवाल्यानं तिला बघून वेग कमी केला, काही तरी विचारलं. ती नुसती "दवाखाना, दवाखाना" म्हणाली. त्यानं दार उघडलं. सगळी वाट ती शब्द जुळवत होती. नर्सला काय सांगायचं ते नव्हे. ते तिला येत होतं. सासऱ्याला काय विचारायचं, आणि कोणत्या तोंडानं, ते.

मध्येच तिला वाटलं, आपण पोचेपर्यंत संध्याकाळची सुई टोचून झालेली असेल. मग वाटलं, आपण पोचूच नये. असं वाटल्याबरोबर ती इतकी घाबरली की गाडीवाल्याकडे बघून तिनं हात जोडले.

ती खोलीत शिरली तेव्हा दिवे लागत होते. नर्स दाभणाच्या खाटेपाशी ट्रे घेऊन उभी होती आणि तिनं सुई उचललेली होती.

"थांब!" सून ओरडली. पट्ट्यावरचाच शब्द. पट्टा बंद करताना ओरडायचा. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली.

नर्स थांबली. सून धापा टाकत म्हणाली, "मी नाही विचारलं. तू सांगितलं ते. मी दुसरंच विचारलं. काळं होतं. खूप दिवस. आई म्हणाली. गोळ्या पण."

नर्सनं सुई ट्रेमध्ये ठेवली. रागावली नाही. त्यामुळे सून जास्तच घाबरली. नर्सनं दाभणाच्या खालच्या पापणीला अंगठा लावून डोळा बघितला, मनगट धरलं आणि छातीवरचं घड्याळ उलटं करून बघत राहिली. मग कोणाला तरी हाक मारून डॉक्टरला बोलवायला पाठवलं. फोनचा स्टँड ओढला, आकडे दाबले, कानाला लावून उभी राहिली. तिकडून नुसतं संगीत वाजत होतं.

"लागत नाही," ती म्हणाली. "तू विचार. आता. सगळं. आज काय झालं, काल काय झालं, किती. मला माहीत असलं पाहिजे."

दाभणाला भाषा कळत नव्हती. पण काय चाललंय ते कळलं असावं. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. आवाज अगदी खोल गेला होता. "ती नाही आली?"

"नाही, मामंजी. आई शेतावर आहेत."

"मग राहू दे."

"मामंजी..."

"राहू दे म्हटलं ना. तुला काय सांगायचं."

नर्स दोघांकडे बघत होती. तिचा एक हात त्याच्या मनगटावरच होता. सून उभी राहिली. मग तिची नजर हिरव्या पडद्याकडे गेली.

खोलीवर पाव्हणे आले, की ती दाराआड उभी राहून बोलायची. सासऱ्यालाही कधी अगदीच सांगायची वेळ आली, सासू घरात नसली, तर दाराच्या आडून सांगायची. मामंजी, दूध तापलंय. मामंजी, ट्रॅक्टर आलाय. तोंड दिसत नसलं की शब्द निघायचा.

तिनं पडदा ओढला. सर्रकन, शेवटपर्यंत. आत नर्स आणि तो, बाहेर ती. कापडाला नाक लागेल इतकी जवळ उभी राहिली. दोन्ही हातांनी पडद्याची कड धरली.

"मामंजी," ती म्हणाली. "मी दाराच्या बाहेर आहे. परसाकडे काळं होतं का?"

पलीकडच्या खाटेवर कोणी तरी खोकलं.

"डांबरासारखं होतं का, मामंजी?"

आतून आलं, "होतं."

तिनं ते त्या भाषेत सांगितलं. मोठ्यानं, स्पष्ट. "काळं. हो म्हणतात."

"कधीपासून, विचार," आतून नर्स म्हणाली.

"कधीपासून होतं?"

"बटाटा काढायला लागलो तेव्हापासून. आधी थोडं."

"आज?"

"आज..." श्वास ऐकू आला. "आज लालपण. सकाळी. मी पाणी ओतलं त्यावर. तू यायच्या आत."

तिचे डोळे भरून आले. ती बाहेर रेंगाळत होती तेव्हा. सवड देत होती तेव्हा. तिनं पडद्यातच तोंड पुसलं आणि सांगितलं. लाल. आज. सकाळी. एकही शब्द मऊ केला नाही.

"गोळ्या किती?"

"डबी संपली. परवा संपली. त्याआधी सकाळ-संध्याकाळ. कधी दुपारी."

"उपाशीपोटी?"

"हो."

तिनं तेही सांगितलं. आत नर्सचे बूट भरभर हलले, दुसरे बूट आले, डॉक्टरचा आवाज आला. खाटेची चाकं किरकिरली. तेवढ्यात आतून तो परत बोलला. कोणी विचारलं नव्हतं.

"तिला म्हणावं," तो म्हणाला, "मला भीती वाटते."

सड, कीड, काळं, लाल, सगळे शब्द सुनेला आले. हा शब्द मात्र आला नाही. पट्ट्यावर तो कधी कोणी उच्चारला नव्हता. तिनं पडदा बाजूला केला. नर्सकडे बघून आपल्या छातीवर हात ठेवला, मग त्याच्याकडे बोट केलं आणि तोच हात हवेत थरथरवला. मुद्दाम करावं लागलं नाही. तो थरथरतच होता.

नर्सनं मान हलवली. खाकी रंगाचं ब्लँकेट त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं आणि चालत्या खाटेबरोबर चालत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या स्वतःच्या भाषेत काही तरी म्हणाली. ती भाषा तिथं कोणालाच येत नव्हती.

दारं मिटली. सून बाकावर बसली. थोड्या वेळानं एकानं फोन आणून तिच्या कानाला लावला. रक्त चढवायचं होतं, नळी घालून पोटात बघायचं होतं, तिचं हो हवं होतं.

फोनवर एक म्हातारी बाई होती. आवाज खोल, घरच्यासारखा. "बोल गं बाई. रडायचं असलं तर आधी रडून घे, मी थांबते."

सुनेनं फोन दोन्ही हातांनी धरला. मग तिनं विचारलं, "तुम्ही मुकादमाच्या कोण?"

"कुठला मुकादम?" म्हातारी म्हणाली. "मी कोणाचीच कोणी नाही. मी घरी बसून फोन घेते. बोल."

सकाळी सासू आली. डोक्यावर वळकटी, एका हातात भांड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात सुनेनं टाकलेलं बोचकं. दवाखान्याच्या पांढऱ्या वाटेत ती तशी उभी होती आणि लोक तिला वळसा घालून जात होते.

"खोली?" सुनेनं विचारलं.

"ही काय, डोक्यावर आहे." सासूनं वळकटी खाली ठेवली. "मुकादम म्हणाला, एकटीला खोली देत नाही. म्हटलं, घाल तुझ्या त्या पत्र्यात बटाटे. किल्ली त्याच्या पायावर टाकली. लागली असेल तर बरं." एवढं बोलून तिचा आवाज फाटला. "आहेत ना गं?"

"आहेत."

दाभण परत त्याच हिरव्या पडद्याआत होता. नाकात नळी, हाताला रक्ताची पिशवी. पांढरा पडला होता, चादरीत वेगळा दिसत नव्हता. पोटातली जखम आतून बंद केली आहे, पण परत उघडू शकते, असं त्या म्हातारीनं फोनवरून सांगितलं होतं. पायातली गाठही होतीच, आणि आता रक्त पातळ करायचं औषध देता येत नव्हतं. दोन्हीकडून टांगती तलवार. नर्स येता-जाता पाय बघायची, मग तोंड, मग परत पाय. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

सासू खाटेच्या उशाशी बसली, सून पायथ्याशी. त्यानं डोळे उघडले. बायकोला बघितलं. तिच्या फुटलेल्या बोटांवरून आपला अंगठा फिरवला.

"आलीस?"

"आले. घर घेऊनच आले."

मग तो ओठ ओले करत म्हणाला, "अगं, तिला म्हणावं..."

"काय म्हणू?" सासू पुढे वाकली.

तो थांबला. मान हळूहळू उशीवरून फिरवली, बायकोवरून पुढे, खाटेच्या पायथ्याकडे. पहिल्यांदाच त्यानं सुनेच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"सूनबाई," तो म्हणाला. "पडदा ओढ."

ती उठली. पडदा ओढून बाहेर उभी राहिली, कापडाला लागून. आत सासू काही तरी विचारत होती, तिला त्यानं गप्प केलं.

"बाहेर आहेस?"

"आहे, मामंजी."

"त्या सुईवाल्या बाईला बोलाव. लवकर." श्वास घेऊन तो म्हणाला, "सांग, आत्ता परत लाल झालंय."

सून पांढऱ्या वाटेवरून धावत सुटली. धावतानाच तिनं मोठ्यानं ओरडायला सुरुवात केली होती.